एक खेळाडू, एक जागा, एक वर्गणी

प्रति,
भारतात वर्गणी, पास किंवा टॉप-अप घेऊन ऑनलाइन सामूहिक खेळ चालवणाऱ्या सर्व कंपन्या

माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग, इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय

विषय : एकाच खेळात एका घरात असलेल्या दोन किंवा अधिक खात्यांची आकारणी

आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले खेळाडू आणि आमचे पालक. नेरळहून पहाटेची लोकल धरणारे, खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, कशेळे-कडावकडून कॉलेजला येणारे, चौकला हायवेवरच्या हॉटेलांत राबणारे, असे सगळे आमच्या संघटनेत आहेत. आमचं म्हणणं एका ओळीत मावतं : माणूस एका वेळी एकाच जागेवर बसून खेळत असेल, तर त्याच्याकडून दोन जागांचे पैसे घेऊ नयेत.

हा मसुदा सभासदांनी घरी वाचून दाखवला तेव्हा बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच आला : पैसे लावून खेळता का रे? तेव्हा तेवढं आधी मोकळं करतो. ऑनलाइन खेळांचा कायदा संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिंकण्याच्या आशेनं पैसे लावायचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्यानं बंद केले. ठरलेली वर्गणी किंवा प्रवेशाचे पैसे भरून करमणुकीसाठी खेळायच्या खेळांना मात्र मुभा ठेवली. ते पैसे पणाला लावलेले नसावेत, एवढीच अट. आम्ही बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. रमीवाल्यांची वकिली आम्हाला करायची नाही.

दोन आयडी ठेवणारा म्हणजे लबाड, असा बऱ्याच नियमावल्यांचा सूर असतो. आमच्याकडे दुसरी आयडी कशी तयार होते ते सांगतो.

नेरळजवळच्या एका घरात फोन एक आणि भाऊ दोन. थोरला कॉलेजात, धाकटा नववीत. दोघांची पातळी वेगळी, स्क्वॉडमधले सोबती वेगळे, म्हणून आयडी वेगळ्या. थोरला कॉलेजला गेला की धाकटा बसतो, धाकट्याला आईनं उठवलं की थोरला बसतो. हातात फोनच एक, त्यामुळे दोघं एका वेळी खेळतील अशी सोयच नाही. महिन्याचा पास मात्र दोनदा. आईच्या यूपीआयवरून ते पैसे जातात आणि तिला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही की एकाच खेळाला दोन पास का.

दुसरी वाट नंबरातून जाते. माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांत आवणीच्या दिवसांत रीचार्जची कुणाला शुद्ध राहत नाही. सिम बंद पडतं. बंद नंबर निदान 90 दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, नंतर देतात. मग आयडीचा ओटीपी कुठल्यातरी परक्या माणसाच्या फोनवर वाजतो आणि दोन वर्षं जोपासलेलं खातं डोळ्यांदेखत कुलूपबंद होतं. असा मुलगा नवी आयडी काढतो आणि पहिल्या पायरीपासून टॉप-अप सुरू करतो. जुन्या आयडीत पडून राहिलेले, पैसे देऊन घेतलेले डायमंड त्याचेच असतात, पण ते दुसरीकडे नेता येत नाहीत. खेळाच्या हिशेबात हा ‘एकाहून अधिक खाती असलेला खेळाडू’. आमच्या हिशेबात एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजलेलं गिऱ्हाईक.

तिसरी वाट सरकारी. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्रानं 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. 2 जुलै 2021 ला त्याच्या जागी बीजीएमआय आला. जुन्या खात्यातला ऐवज नव्यात न्यायची सोय ठरावीक मुदतीपुरती होती. मुदत चुकली त्यांनी शून्यातून सुरुवात केली. 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायरवर बंदी आली, पण त्याच आयडीनं फ्री फायर मॅक्समध्ये शिरता येत होतं, म्हणून ती मुलं निभावली. खातं उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणं कंपन्यांना जमतं, एवढं यातून आम्ही शिकलो.

आणि काहीजण हौसेनं दोन खाती ठेवतात, हेही लपवत नाही. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये एक मोठं गाव आणि दुसऱ्या खात्यावर एक ‘मिनी’ पोसणारे आमच्यात बरेच आहेत. एका गावाचा गोल्ड पास दुसऱ्याला लागू होत नाही. संगणकावर ईव्ह ऑनलाइन खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्यांचं दुखणं सगळ्यांत महागडं. आइसलंडचा हा खेळ 2003 पासून चालू आहे. त्यात एका खात्यात साधारणपणे एका वेळी एकाच पात्राचं शिक्षण चालतं, म्हणून मुरलेले खेळाडू दोन-तीन खाती ठेवतात. पूर्ण सवलतींच्या खात्याची महिन्याची वर्गणी मे 2022 पासून 15 वरून 20 डॉलरवर गेली. दोन खात्यांचे 40 डॉलर, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. अकरा दिवस खणलं की एक महिना दोन खाती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण डॉलरमधल्या हौसेला असतं.

यावर कंपन्यांचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे : दोन खाती म्हणजे दोन गिऱ्हाइकं. दाखला हवा तर त्यांना फास्टॅगचा देता येईल. राष्ट्रीय महामार्गांचा 3,000 रुपयांचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून मिळू लागला, तो गाडीच्या नावावर असतो. घरात दोन गाड्या तर पास दोन, चालवणारा एकटाच असला तरी. (खालापूरच्या नाक्यावर तो चालत नाही, द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, पण ते रडगाणं वेगळ्या अर्जात.) आम्ही दाखला देतो लोकलच्या पासाचा. तो माणसाच्या नावावर असतो. सकाळची गाडी चुकून पुढच्या गाडीत चढलात म्हणून रेल्वे दुसरा पास मागत नाही, कारण माणूस एका वेळी एकाच डब्यात असतो. खेळाचं खातं गाडीसारखं की डब्यासारखं, वाद एवढाच आहे. दोन गाड्या एकाच वेळी रस्ता अडवू शकतात. एका फोनवरच्या दोन आयडी सर्व्हरवर एका वेळी दोन जागा अडवू शकत नाहीत.

तरीही कंपनीच्या बाजूनं एक खरं कारण उरतं आणि ते टाळून पुढे जाणं बरं दिसणार नाही. काही खेळांत आपण झोपलेलो असताना खातं पिकत राहतं. क्लॅश ऑफ क्लॅन्समधले गवंडी रात्रभर इमारती वाढवत राहतात. ईव्हमधलं पात्र लॉगिन न करताही शिकत राहतं. त्यामुळे दुसऱ्या खात्यावर कुणी बसलं नाही म्हणजे त्यातून काहीच मिळालं नाही, असं म्हणता येत नाही. शिवाय नोंदी सांभाळायला कंपनीला खर्च येतोच.

या प्रश्नावर आमच्या दोन बैठका वाया गेल्या. तोड सापडली ती विजेच्या बिलात. खोपोलीला टाटांचं वीजघर 1915 ला सुरू झालं, बिल वाचायची सवय या मातीला जुनी आहे. बिलात स्थिर आकार वेगळा आणि वीज आकार वेगळा. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की मीटर दोन होतात. एक भाऊ पनवेलला राहायला गेला तरी त्याच्या बंद खोलीच्या मीटरवर स्थिर आकार पडतो आणि तो मुकाट्यानं भरतो. पण न जाळलेल्या युनिटांचे पैसे त्याच्याकडून कुणी मागत नाही.

आमची मुख्य मागणी हीच. वर्गणीचे दोन भाग करा. खेळण्याच्या जागेचे पैसे एका खेळाडूकडून किंवा एका घराकडून एकदाच घ्या, आणि त्या जागेवर बसून घरातलं कुठलंही जाहीर केलेलं खातं उघडू द्या. दुसऱ्या, तिसऱ्या खात्याला स्थिर आकार लावा. तो मूळ वर्गणीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसावा. न बसता पिकणाऱ्या पिकाचा मोबदला त्यात आला. एकाच वेळी दोन यंत्रांवर दोन खाती चालवणाऱ्याकडून दोन जागांचे पूर्ण पैसे घ्या, आमची हरकत नाही.

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमनं 2024 मध्ये सहा जणांपर्यंतच्या कुटुंबाला एकमेकांनी घेतलेले बरेचसे खेळ खेळायची मुभा दिली. एकच खेळ दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर प्रती दोन लागतात, वेगवेगळ्या वेळी खेळायला एक पुरते. ज्या खेळांना स्वतःची वेगळी वर्गणी आहे ते या सोयीतून सुटतात, आणि आमचं भांडण नेमकं तिथलं आहे. खुद्द ईव्हचाही नियम असा की फुकट खातं दुसऱ्या कुठल्याही खात्याच्या बरोबरीनं उघडता येत नाही. दोन खाती एकाच वेळी चालली आहेत की आळीपाळीनं, हे कंपन्या आजही ओळखतात, तेही आपल्या फायद्याच्या ठिकाणी बिनचूक.

बदल्यात आम्ही काय देणार, हेही लिहून ठेवतो. सवलत घेणारा खेळाडू आपली सगळी खाती कंपनीकडे एका नावाखाली जाहीर करील. मुरलेल्यानं नव्या आयडीच्या आडून नवशिक्यांच्या खोलीत शिरायचं आणि पोरांना झोडपायचं, हा प्रकार आमच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धांतही होतो. तो पकडायला ही यादी कंपनीला उपयोगी पडेल. स्पर्धेत एका माणसाची एकच आयडी, यावर आमचं दुमत नाही.

दुमत आहे ते शिक्षेवर. स्टीमच्या कुटुंबात धाकट्यानं थोरल्याच्या प्रतीवर खेळताना लबाडी केली तर त्या खेळात थोरल्यावरही बंदी येऊ शकते. आमच्यातल्या पालकांना हे पटलं : घर एक तर जबाबदारी एक. खेळाडूंना नाही पटलं. शेवटी पालकांचं बहुमत झालं, पण खेळाडूंचं म्हणणं नोंदवून ठेवायचं ठरलं, म्हणून इथे नोंदवतो : पहिल्या खेपेला शिक्षा फक्त लबाडी करणाऱ्या खात्याला व्हावी.

खातं विकायची परवानगी आम्ही मागत नाही. त्या बाजारात आमची मुलं फसली आहेत. पण थोरल्यानं नोकरी लागल्यावर आपली आयडी धाकट्याला द्यायची म्हटलं तर ती रीतसर देता यावी. नंबर गेला तर जुन्या टॉप-अपच्या पावत्या दाखवून खातं परत मिळावं. आणि खातं मिळत नसेल तर निदान न वापरलेला ऐवज त्याच खेळातल्या नव्या आयडीत टाकावा. पावती आहे, पैसे पोचले आहेत, माणूस तोच आहे. अडतंय कुठे ते आम्हाला कळलेलं नाही.

एक मागणी वरवर किरकोळ दिसेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना 24 तास आधी यावी लागते. ती येते. दोन खात्यांच्या दोन येतात, दोन्हींत कंपनीचं नाव तेच, रक्कम तीच. आईवडिलांना वाटतं एकच मेसेज दोनदा आला, आणि दोनदा पैसे जातात. सूचनेत आयडीचं नाव घाला. वर्गणी बंद करायचं बटण सुरू करायच्या बटणाशेजारी ठेवा. ग्राहक संरक्षणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी ज्या तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार आपल्याकडे 1903 च्या मोहोरी बीबी खटल्यापासून निरर्थक मानला जातो, हे ध्यानात घेऊन मुलाच्या दुसऱ्या खात्याची वर्गणी पालकाच्या वेगळ्या होकाराशिवाय सुरू करू नका.

तक्रार मराठीत लिहिता यावी आणि उत्तर माणसानं द्यावं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अशी मुदत आहे, आम्ही तीच धरतो. त्यानंतर सभासद 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करतील. सेवेतल्या त्रुटीच्या तक्रारी अलिबागला जिल्हा आयोगाकडे जातील. एकतर्फी, अन्याय्य कराराची तक्रार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्ह्यात चालत नाही, ती मुंबईला राज्य आयोगाकडे न्यावी लागते. कर्जतकरांना अलिबागपेक्षा मुंबई सोपी, सरळ एक लोकल. पास आमच्याकडे आहेतच.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील खेळाडू व पालक यांच्या वतीनं