वसुबारसेच्या उजेडातला राखणदार

आश्विन वद्य द्वादशीच्या तिन्हीसांजेला गाय-वासराच्या पायांवर पाणी पडतं, निरांजन ओवाळलं जातं आणि आपल्या दिवाळीचा पहिला दिवा लागतो. माणसांचा सण जनावराच्या पूजेनं आरंभणारे आपण; त्याच अंगणात बसलेल्या राखणदाराची काळजी खरं तर वेगळी सांगावी लागू नये. खंडेरायाच्या सोबतीला आणि दत्ताच्या पायांशी ज्याला आपण जागा दिली, तो कुत्रा हे चार दिवस मात्र कणगीच्या आडोशाला थरथरत काढतो. नेपाळात याच दिवसांत त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, आपल्याकडे त्याच्या कानाशी सुतळी बॉम्ब फुटतो.

भोर आणि वेल्हे (कागदोपत्री आता राजगड) हा सारा डोंगरांच्या कुशीतला मुलूख. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून तिखट. त्यात तोरण्याच्या वा रोहिड्याच्या पायथ्याशी उडालेला एक बार कड्यावर आपटून पुन्हा येतो. आवाज कुठून आला हेच न उमगलेलं जनावर वाट फुटेल तिकडे धावतं. साखळीला असेल तर गळ्याला फास बसतो, मोकळं असेल तर रानाकडे पळतं. आणि रानात बिबट्या आहे, हे धनगरवाड्यांना सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसोबत हल्ली त्यांची कुत्रीही गावी येतात. त्यांना ना गाव ठाऊक ना वाट. त्यांच्या गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच.

दिवेलागणीपूर्वीच फिरवून, खाऊ घालून त्याला माजघरात घ्यावं, खिडक्या लावून रेडिओ चालू ठेवावा. भेदरून कोपऱ्यात शिरला तर ओढून काढू नये. माणसांची झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये; औषध लागणारच असेल तर सणाआधी पशुवैद्यकांना विचारावं, कारण ऐन पाडव्याला केळद किंवा हिर्डोशीहून दवाखाना गाठणं सोपं नाही. आणि फराळ! मायेनं पुढे केलेल्या लाडवातले बेदाणे त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, चॉकलेटही त्याला विषच. त्याची दिवाळी चतकोर भाकरीनंच गोड होते.

राहिला प्रश्न फटाक्यांचा. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांची मनाई आहे. म्हणजे अभ्यंगस्नानाच्या पहाटेचा मानाचा बारही नियमाबाहेरचाच, पण ते कबूल करायला आपली जीभ रेटत नाही. शेपटीला लवंगी माळ बांधण्याची ‘गंमत’ तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ग्रामपंचायतीनं वस्तीपासून दूर एखादी जागा आणि संध्याकाळचा एखादा तास ठरवून दिला, तर निदान राखणदाराला आत कधी घ्यायचं, हे घरोघर आधी कळेल.