उधारीवर मिळालेले साठ रुपये

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की गप्पा मुलांवरून सुरू होतात आणि महागाईवर येऊन थांबतात. ईदच्या आधीची गोष्ट. आमच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेने मोबाईल पुढे केला. "आपा, बघा तरी. बाराशेची खरेदी केली, पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे, आणि वर मलाच साठ रुपये मिळाले!"

आम्ही सगळ्यांनीच कौतुक केले. मीसुद्धा. 'आता घ्या, नंतर भरा' हा पर्याय हल्ली प्रत्येक खरेदीच्या ॲपवर दिसतो. त्यासोबत स्क्रॅच कार्ड, पॉइंट, कॅशबॅक असे काहीतरी असतेच. आपल्या किराणा दुकानदाराने आयुष्यात कधी उधारी लिहून घेताना वर पेढा दिला आहे का? उलट तो 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावून बसतो. मग ही कंपनीच एवढी मेहरबान का, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच विचारले नाही.

पुढच्या महिन्यात पगार उशिरा झाला. ठरलेल्या तारखेला कंपनीने बँकेतून रक्कम ओढायचा प्रयत्न केला, खात्यात पुरेसे पैसे नव्हते. विलंब शुल्क 250 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 45, एकूण 295. व्यवहार परत गेल्याबद्दल बँकेने आपला दंड वेगळा लावला. साठ रुपये म्हणजे बाराशेवर पाच टक्के. याच दराने 295 रुपये भरून काढायचे तर तिला आणखी 5,900 रुपयांची खरेदी करावी लागली असती! हा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला.

पण तिला खरी टोचणी पैशांची नव्हती. तिच्या सासऱ्यांनी व्याजाचे कर्ज नको म्हणून अकरा वर्षे एकेक खोली करत घर बांधले. पाऊस गळत असताना ताडपत्रीखाली राहिले, पण बँकेत गेले नाहीत. "त्या घरात मी सूद भरला का, आपा?" एवढेच तिने विचारले, आणि डबा तसाच बंद केला.

मी शिक्षिका आहे, आलिमा नाही. फतवा देणे माझे काम नव्हे. वाचून जे ठाऊक आहे तेवढे सांगते. उधार घेणे आपल्याकडे गुन्हा नाही. खुद्द प्यारे नबी (स.) यांनी आपले लोखंडी चिलखत गहाण ठेवून धान्य उधार घेतल्याची नोंद हदीसमध्ये आहे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. हप्त्याने घेतलेल्या मालाची किंमत रोखीपेक्षा जास्त ठरवली आणि ती सुरुवातीलाच पक्की झाली, तर तेही चालते. मात्र तारीख चुकली म्हणून देणे वाढले, तर तो वाढावा रिबामध्ये मोडतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1990 मध्ये हप्त्यांच्या विक्रीबद्दल हेच सांगितले.

मग 'मी वेळेवरच भरणार' असे मनाशी ठरवून करार करावा का? इथे उलेमांची मते वेगळी आहेत. त्याच अकादमीने 2000 साली क्रेडिट कार्डाबद्दल ठराव केला. करारात व्याजाची अट असेल तर वेळेत भरण्याचा इरादा असूनही ते कार्ड वापरू नये, असा त्याचा आशय. आपल्याकडचे अनेक मुफ्ती मात्र खरी गरज आणि वेळेत भरण्याची पक्की खात्री असेल तर सवलत देतात. आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारायला जाल तेव्हा 'ॲप चालते का' असे मोघम विचारू नका. उशीर झाला तर काय आकारणार ते कलम उघडून दाखवा. कागद न बघता उत्तर देणार तरी कसे?

आता मेहरबानीचे कोडे. यात कंपनीची कमाई दोन ठिकाणी होते. दुकानदार तिला प्रत्येक विक्रीवर कमिशन देतो, कारण उधारी मिळाली की गिऱ्हाईक एकाऐवजी दोन कुर्ते उचलते. आणि उशीर करणाऱ्यांकडून दंड, किंवा हप्ते पाडून घेणाऱ्यांकडून व्याज मिळते. आपल्याला मिळणारे बक्षीस याच गल्ल्यातून येते. त्याला बहुधा अटीही असतात: अमुक रकमेच्या वरची खरेदी, तमुक दुकान, ठराविक मुदत.

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले, ते गृहिणींनीही माहीत करून घ्यावेत असे आहेत. कर्ज देण्याआधी एका विवरणपत्रात वार्षिक दर आणि सगळे आकार लिहून द्यावे लागतात. आपल्या स्पष्ट संमतीशिवाय उधारीची मर्यादा आपोआप वाढवता येत नाही. ॲपला आपल्या फोनमधले संपर्क, फोटो उघडण्याचा हक्क नाही. घेतल्यावर विचार बदलला तर किमान एक दिवसाची मुदत असते. त्यात मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, ही छोटी उधारीही कर्ज म्हणूनच नोंदली जाते. बाराशे रुपयांचा उशीर सिबिलच्या अहवालात दिसू शकतो. उद्या मुलाच्या शिक्षणासाठी किंवा दुकानासाठी कुठे अर्ज केला तर तो समोर येतो. हा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, मागवून बघा. कित्येकींच्या नावावर नवऱ्याने किंवा मुलाने खाते उघडलेले असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

आमच्या सहकारी बाईंनी सगळी रक्कम भरली, बँकेतली आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द केली आणि खाते बंद करण्याचा अर्ज ॲपवरूनच केला. नुसते ॲप काढून टाकले तर खाते चालूच राहते, हे तिला मीच सांगितले. थकबाकी नसल्याचे पत्र तिने ईमेलवर मागून घेतले. त्या रात्री जेवताना सासऱ्यांनाही सांगून टाकले. त्यांनी रागावण्याऐवजी तिला पत्र्याच्या पेटीतून एक जुनी वही काढून दाखवली. सिमेंट, वाळू, गवंड्याची मजुरी, कुणाचे किती उसने घेतले आणि कुठल्या तारखेला फेडले, सगळे उर्दूत लिहिलेले. पुढची पाने कोरी होती. ती वही आता तिच्याकडे आहे. साठ रुपये अजून ॲपमध्येच पडून आहेत. ते वापरायला आधी पाचशेची खरेदी करावी लागते.