एका कळेचे दोन धनी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कळांचा वाद कशाला उकरावा, असे कोणी विचारील. पण आज शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, पुष्कळदा निबंधही पडद्यावरच लिहावा लागतो. आणि भलत्या वेळी दाबलेली एक कळ तासाभराच्या मेहनतीवर पाणी फिरवते.

वर्डमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘आर’ एकत्र दाबले की परिच्छेद उजव्या कडेला लागतो. ब्राउझरमध्ये त्याच जोडीने पान नव्याने उघडते आणि न साठवलेला मजकूर बहुधा जातो. आता तर कित्येक सॉफ्टवेअरच्या पोटातच ब्राउझर बसवलेला असतो. बाहेरून दिसते लेखनाचे साधन, आत कारभारी निराळाच! एका म्यानात दोन तलवारी म्हणतात त्या ह्याच.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानकऱ्याला हा तंटा लगेच उमगेल. तलावाचे पाणी पाटाने येते. वरच्याने अडवले तर खालची बांधी कोरडी. कळेचा संदेशही साधारण असाच उतरतो : आधी संगणकाची मूळ प्रणाली, मग सॉफ्टवेअर, मग त्यातला ब्राउझर, शेवटी पान.

काही कळा ब्राउझरने स्वतःकडे राखाव्यात हे रास्तच; नाहीतर एखादे लबाड पान आपल्याला बाहेरच पडू देणार नाही. परंतु लिहिलेले पुसणारी कळ विचारल्याशिवाय चालू नये. हे अशक्य नाही. पूर्वी क्रोममध्ये ‘बॅकस्पेस’ने मागचे पान उघडे आणि भरलेले अर्ज हातचे जात, २०१६ साली गूगलने ती सोय काढून टाकली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियमांनीही सांगितले, की नुसत्या एका अक्षराने चालणारी आज्ञा बंद करता किंवा बदलता आली पाहिजे, अथवा ती त्या जागेपुरतीच चालावी. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर संगणकावर मुख्यतः कळफलकाचाच आधार असतो.

मजकूर गेला की देवरी-सालेकशाहून आलेला मुलगा ‘मलाच येत नाही’ म्हणून खाली मान घालतो. मित्रहो, मान खाली घालायची ती साधन घडवणाऱ्याने. ते सुधारेपर्यंत मोठा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून साठवावा; आणि तक्रार मात्र अवश्य करावी!