जनुक जागले, पण मूत्रपिंड वाचले का?

मधुमेहाने मूत्रपिंड, डोळे किंवा पायांच्या नसा बिघडू लागल्या की छत्रपती संभाजीनगरात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक : हळद, दारुहळद थेट जनुकांवर काम करतात हे शास्त्रज्ञच सांगतात, मग गोळ्या हव्यात कशाला? दुसरा : झाडपाला म्हणजे निव्वळ थोतांड. दोन्ही टिकत नाहीत.

हळदीतले कुर्क्युमिन, दारुहळदीतले बर्बेरिन जनुकांचे काम कमी-जास्त करतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे, तेवढे मान्य. पण पेशींवर ओतलेले कुर्क्युमिन आणि काढ्यातून रक्तात उतरणारे कुर्क्युमिन यांच्या मात्रेत प्रचंड तफावत आहे. शिवाय जनुक जागले म्हणून रोगी बरा होतोच असे नाही. लवंगेत आणि तुळशीत आढळणाऱ्या ओलिॲनोलिक आम्लात फेरफार करून बार्डोक्सोलोन हे औषध घडवले गेले. पेशींचे रक्षण करणाऱ्या जनुकांना चालना देणारे एनआरएफ-2 हे प्रथिन ते जागे करते. मधुमेहाने मूत्रपिंड खालावलेल्या 2,185 रुग्णांवरील चाचणीत तपासणीचे आकडे सुधारले, पण हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले. ऑक्टोबर 2012 मध्ये चाचणी थांबवावी लागली.

म्हणून वनस्पती टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचा धागा गॅलेगा या युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन निघाले. ते लघवीवाटे साखर बाहेर काढते. मात्र आतड्यातच तुटते आणि जुलाबही लावते. रेणूची रचना बदलून त्यापासून डापाग्लिफ्लोझिन आले आणि ते मूत्रपिंडाची झीज मंदावते हे 2020 मध्ये मोठ्या चाचणीने दाखवले. त्याच वर्षी भारतातले पेटंट संपले आणि गोळी स्वस्त झाली.

रेणू ओळखणे, मात्रा ठरवणे, माणसांत तपासणे आणि अवयव वाचला का ते मोजणे, हाच खरा मार्ग. या शहराला तो परका नाही : वोक्हार्ट या औषध कंपनीने मानवी इन्सुलिनचे जनुक यीस्टमध्ये घालून बनवलेले इन्सुलिन 2003 मध्ये इथूनच बाजारात आणले. विद्यापीठातल्या आणि औषधनिर्माण महाविद्यालयांतल्या संशोधकांनी उंदरांवर न थांबता घाटी या शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर रीतसर चाचण्या उभाराव्यात.

तोवर वाचकहो, काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. चालू गोळी किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका. आणि लघवीतले अल्ब्युमिन, डोळ्याचा पडदा, पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासून घ्याच.