खिडकीबाहेरचे झाड

हिरवळ ही सुखवस्तूंची चैन होय, असे आपल्यातीलही काही जण मानतात. अमेरिकन संशोधक रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, मनःस्थितीही बरी राहिली. रात्रपाळी करून चाळीत परतणाऱ्या कामगाराला मन नसते काय? मुंबईच्या गिरण्यांची जमीन विकसित करताना सुमारे एक-तृतीयांश जागा बागा-मैदानांसाठी सोडावी, असा नियम १९९१ साली झाला. २००१ साली सरकारने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता आकसवला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आता गिरणगावात मनोरे आहेत. पक्षशाखांनी आपापल्या वॉर्डातील राखीव भूखंडांची यादी पालिकेकडून मागवावी आणि प्रत्यक्ष जाऊन पडताळावी.