अतिमानवांच्या चित्रकथा आणि क्वीअर वाचनाचा अधिकार

रूढ स्त्री-पुरुष आकर्षणाच्या चौकटीबाहेरील इच्छा व नाती ध्यानी घेऊन केलेले वाचन म्हणजे क्वीअर वाचन. अमेरिकन सुपरहिरो-चित्रकथांच्या संदर्भात असे वाचन संहितेवर बाहेरून लादलेले असते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हे वाचन ठळकपणे मांडले ते त्याच्या पुरस्कर्त्यांनी नव्हे, तर एका कठोर विरोधकाने, ही वस्तुस्थिती या आक्षेपात दुर्लक्षिली जाते. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या ग्रंथात बॅटमन व रॉबिन यांचे ऐश्वर्यसंपन्न घर, फुलदाण्या आणि स्त्रीविरहित सहजीवन यांत समलिंगी संसाराचे चित्र पाहिले आणि ते बालवाचकांना घातक ठरवले.

वर्थम यांनी टिपलेले तपशील काल्पनिक नव्हते. सदोष होती ती वाचकाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी. कॅरल टिली यांनी वर्थम यांची कागदपत्रे तपासून २०१२ साली दाखवून दिले की, दोन किशोरवयीन मुलांची निवेदने त्यांनी एकाच मुलाची म्हणून मांडली. त्या मुलांना बॅटमनपेक्षा सब-मरिनर आणि टारझन अधिक आकर्षक वाटत होते, हा तपशील त्यांनी गाळला. म्हणजे, ज्या वाचकांच्या नावे निष्कर्ष काढला गेला, त्यांचेच वाचन नाकारले गेले. वाचकाची साक्ष ही रोगाची लक्षणे म्हणून नोंदवली गेली. अर्थनिर्णयन म्हणून नव्हे.

१९५४ सालीच प्रकाशकांनी स्वीकारलेल्या कॉमिक्स कोडने तथाकथित लैंगिक विकृतीचा सूचक उल्लेखही निषिद्ध ठरवला. उच्चारास बंदी झाली की अर्थ सूचनेचा आश्रय घेतो. १९६३ साली अवतरलेल्या ‘एक्स-मेन’मधील म्युटंटांचे वेगळेपण जन्मजात असते, बहुधा ते किशोरवयात प्रकट होते, आणि त्यापायी कुटुंब व समाज दुरावतात. या कथेत समलैंगिक वाचकाने स्वतःचे आयुष्य ओळखले, तर त्याने संहितेची मोडतोड केली असे म्हणता येत नाही. संहितेनेच ती जागा मोकळी ठेवलेली असते. १९७९ साली निर्माण झालेल्या नॉर्थस्टार या पात्राला आपण समलिंगी असल्याचे उघड सांगण्यासाठी १९९२ पर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

२०१२ साली नॉर्थस्टारचा विवाह झाला. २०२१ साली टिम ड्रेक या रॉबिनने एका मित्राविषयीचे आपले आकर्षण स्वीकारले. जे वाच्यार्थाने सांगितले जाते, तेथे व्यंग्यार्थ शोधण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न यावर उपस्थित होऊ शकतो. तथापि घोषणेने पात्राची ओळख निश्चित होते, वाचनाची शक्यता संपत नाही. शिवाय, प्रकाशकाच्या संमतीनंतरच अर्थ वैध ठरतो असे मानल्यास, आधीच्या अनेक दशकांतील वाचकांचा अनुभव भ्रम ठरवावा लागेल.

प्रत्येक क्वीअर वाचन ग्राह्य असते, असा याचा अर्थ नाही. चित्रचौकटी, संवाद आणि कथेतील मौन यांचा आधार त्याला द्यावाच लागेल. पण ही कसोटी सर्वच वाचनांना लागू आहे. भारतीय काव्यशास्त्राने व्यंजनेच्या ग्रहणासाठी सहृदयाची अपेक्षा केली. त्या सहृदयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी समीक्षा अर्थाची राखण करीत नाही. ती केवळ वाचकाला गप्प बसवते.