गप्पांचा सर्व्हर आपला, पण रखवाली कोणाची?

विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगले आहेत. जुन्या मित्रांची गाठभेट यात्रेत नाहीतर लग्नकार्यात. एरवी सारा संबंध मोबाईलवरच्या ग्रुपपुरता. भावाची चौकशी, येणे-देणे, गावाकडच्या जमिनीची बोलणी, सारे तिथेच. हे सर्व परक्या कंपनीच्या हाती का ठेवायचे, असे संगणक जाणणाऱ्या तरुणांना वाटते, आणि ते रास्त आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा वाट पाहण्यावाचून कोणाच्या हाती काही नव्हते.

मॅट्रिक्स, झुलिप यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जाणकार माणूस एका दुपारीत ती चालू करून देतो. खर्च तिथून पुढे सुरू होतो.

दुकानातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर ठेवावा, तर वीज जाते. शिवाय साध्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतंत्र पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरगावचा मित्र तिथवर पोचतच नाही. सांगलीकरांनी तर ऑगस्ट २०१९ आठवावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली तेव्हा बाजारपेठेत पाणी शिरले होते. भाड्याचा सर्व्हर घ्यावा, तर दरमहा भाडे आणि वर्षाला डोमेनचे नूतनीकरण आले. लग्नाच्या व्हिडिओंनी डिस्क भरते ती वेगळीच.

पैशापेक्षा माणसाचा प्रश्न मोठा आहे. सुरक्षेचे अपडेट कोण घालणार? मॅट्रिक्सवर कूटबद्ध संभाषण असेल आणि मित्राने मोबाईल बदलताना आपली किल्ली हरवली, तर जुने संदेश सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही उघडता येत नाहीत. तरी बोलणी त्यालाच. फुकट राबणाऱ्यालाच जाब विचारायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज! ऐन दिवाळीच्या हंगामात दुकान सोडून तो सर्व्हर किती दिवस पाहील?

सर्व्हर आपला म्हणजे सारे आपल्या हाती, असेही नव्हे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा संदेश-ॲपवर बंदी घातल्याचे जाहीर झाले, त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंटही होते. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या घटनेनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले, तेव्हा सर्व्हर कोणाचा हा प्रश्नच उरला नव्हता.

तरीही हा खटाटोप करू नये, असे आमचे मत नाही. मात्र भिशीसारखी वर्षाची वर्गणी आधी गोळा करावी. किल्ल्या दोन वेगवेगळ्या गावच्या दोघांकडे असाव्यात. सुरुवात आठ-दहा जणांपासून करावी आणि जुना ग्रुप तूर्त मोडू नये. उधारीची नोंद वहीतच ठेवावी. बॅकअप घेतला एवढ्यावर न थांबता तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, आणि तेही हंगाम सुरू होण्यापूर्वी.